गोधडीच्या भिंतीला सरकारी शिक्का

श्रीनगरात हब्बा कदलच्या पुलावर उभं राहिलं की झेलमकाठची जुनी घरं दिसतात. आपली मंडळी शिकाऱ्यातून उतरून इथवर आली की शेरा ठरलेला असतो: "पडायला आलीत हो!" कुणाची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आलेली, कुणाचा वरचा मजला कललेला. भिंतीत लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या पट्ट्या आणि मधल्या खणांत विटा, दगड, माती, जे हाताला लागलं ते. या भिंतीला तिकडे धज्जी दिवारी म्हणतात. धज्जी म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी. मराठीत शब्द शोधायला लांब जावं लागत नाही, ही गोधडीची भिंत.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही तोच शेरा मारला होता, आणि मी तर स्थापत्य अभियंता. शिवाय लातूरकडचा, म्हणजे घर कसं पडतं हे पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहिलेला.

30 मे 1885 रोजी याच खोऱ्यात बारामुल्लाच्या बाजूला मोठा भूकंप झाला. तेव्हा श्रीनगरात असलेले आर्थर नेव्ह नावाचे ब्रिटिश डॉक्टर नंतर लिहून गेले की, राजवाड्याचा काही भाग आणि इतर काही अवजड इमारती कोसळल्या, पण शहरातली घरं पडली ती आश्चर्य वाटावं इतकी कमी. भरपूर लाकूड, नीट बसवलेले सांधे आणि चुन्याऐवजी चिखल, त्यामुळे सगळं घर एकदम डोलतं, असं त्यांचं निरीक्षण होतं.

मला सांगायचं आहे ते मात्र जुन्या घरांचं प्रकरण नाही. 2005 च्या भूकंपानंतर नियंत्रण रेषेपलीकडच्या डोंगरांत या पद्धतीची एक लाखाहून जास्त नवी घरं उभी राहिली, तीही बहुतेक ट्रक न पोहोचणाऱ्या जागी. गंमत अशी की, सरकारने मंजूर केलेल्या बांधकामांच्या पहिल्या यादीत ही पद्धत नव्हतीच.

शनिवारची सकाळ

8 ऑक्टोबर 2005. रमजान सुरू होता. शनिवार असला तरी शाळा भरल्या होत्या. तिकडच्या घड्याळात 8 वाजून 50 मिनिटं झाली असताना 7.6 तीव्रतेचा धक्का बसला. केंद्र मुझफ्फराबादच्या ईशान्येला, अगदी जवळ. बालाकोट गाव जवळपास सपाट झालं. पाकव्याप्त काश्मीर आणि तेव्हाचा सरहद्द प्रांत मिळून अधिकृत मृतांचा आकडा 73,000 च्या वर गेला, त्यात वर्गात बसलेली हजारो मुलं होती. आपल्या बाजूला उरी आणि तंगधारच्या भागात सुमारे 1,300 माणसं गेली. सहा लाखांच्या आसपास घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत.

पडली ती दोन प्रकारची घरं. एक जुनी, गोल धोंड्यांच्या चिखलातल्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं. दुसरी नवी, 'पक्की': कमी सिमेंटचे ब्लॉक, भिंतींना घरभर बांधून ठेवणारे काँक्रीटचे आडवे पट्टे नाहीत आणि वर स्लॅब. दगडमाती वाईट आणि सिमेंट चांगलं अशी सोपी वाटणी त्या सकाळी कुठेच लागू पडली नाही. धज्जीची जी थोडी जुनी घरं शिल्लक होती, त्यांचा गिलावा झडला, खणांतले दगड घरंगळले, पण माणसं बाहेर येऊ शकली. शेजाऱ्यांनी हे पाहिलं. पुढचं सगळं त्या पाहण्यातून घडलं.

हप्ता आणि जोतं

पाकिस्तान सरकारने त्याच महिन्यात पुनर्बांधणीचं प्राधिकरण नेमलं. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'एरा' म्हणत. ग्रामीण घरांसाठी धोरण ठरलं ते शहाणपणाचं: कंत्राटदार नेमायचा नाही, घर ज्याचं त्याने बांधायचं, पैसे थेट त्याच्या खात्यात टाकायचे. पूर्ण पडलेल्या घराला 1,75,000 पाकिस्तानी रुपये, तेही टप्प्याटप्प्याने. तातडीच्या निवाऱ्यासाठी 25,000, कामाला हात घालताना 75,000, जोतं तपासून झालं की 25,000 आणि भिंती दाराच्या माथ्यापर्यंत आल्या की उरलेले 50,000. तपासणीसाची सही झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

ज्याने कधी सरकारी घरकुल बांधलंय त्याला या सहीचं वजन सांगायला नको. घर कसं बांधायचं हे नकाशापेक्षा हप्ता जास्त ठरवतो. आणि इथला तपासणीस पाहणार होता ते ब्लॉक, सिमेंट, सळई आणि काँक्रीटचे पट्टे. सुरुवातीच्या मंजूर नमुन्यांत एवढंच होतं. अभियंत्यांना ज्याचं गणित मांडता येतं तेवढंच.

तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक काढता येत नाही. नीट बांधलेलं, पट्टे असलेलं ब्लॉकचं घर भूकंपात टिकतंच. अडचण 'नीट' या शब्दात होती.

आपल्याकडे स्लॅबच्या घराचा ढोबळ हिशेब चौरस फुटाला 0.4 गोणी सिमेंट असा धरतात. 300 चौरस फुटांचं घर म्हणजे 120 गोण्या. पत्र्याचं छप्पर केलं तर कमी लागेल, पण पायापासून पट्ट्यांपर्यंत सिमेंट लागणारच. खेचरावर फार तर दोन गोण्या चढतात. म्हणजे नुसत्या सिमेंटसाठी साठेक फेऱ्या, मग सळई, वाळू आणि ब्लॉक वेगळेच. नीलमच्या खोऱ्यात रस्ताच दरडींनी गिळला होता. डोंगरावर वाळू मिळत नाही, मिळते ती दगडाची भुकटी. पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणायचं, आणि काँक्रीटला तर आठवडाभर तरी पाणी पाजावं लागतं. त्यात ऑक्टोबर उलटला की रात्री गोठणबिंदूच्या खाली. ओल्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की ते आतून फुटतं, आणि वरून काही कळत नाही. असं घर तपासणीत पास होतं आणि पुढच्या धक्क्याला पडतं. मी स्वतः सपाट मुलखात, नळाचं पाणी असताना, गवंड्याने तिसऱ्या दिवशी पाणी मारणं सोडलेलं पाहिलंय. दोन हजार मीटरवर एकट्याने घर बांधणाऱ्या शेतकऱ्याकडून त्याहून जास्तीची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

या शेतकऱ्याच्या अंगणात मात्र एक खाण पडलेली होती: त्याचंच जुनं घर. धाब्याच्या तुळया, खांब, फळ्या, ढिगाने दगड आणि माती. बाहेरून आणायचं ते खिळे, थोडी तार आणि पत्रे. पत्रे तर पहिल्या हिवाळ्यातच मदत संस्थांनी वाटले होते. 2006 च्या मोसमात लोकांनी आपणहून धज्जीच्या भिंती उभारायला घेतल्या. हप्ता मिळेल की नाही हे माहीत नसताना.

एक खण

ही भिंत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिचं सगळं शहाणपण एका मापात आहे.

मुख्य खांब चार इंच बाय चार इंच, तीन-चार फुटांवर एक. त्यांच्या मधले उभे तुकडे चार बाय दोन. तिरप्या पट्ट्या चार बाय एक. म्हणजे खांब असो की पट्टी, एक माप सगळीकडे तेच, चार इंच, आणि तीच भिंतीची जाडी. एवढं ठरलं की पडक्या घरातून निघालेली तुळई कुठे चिरायची आणि वाकडा तुकडा कुठे खपवायचा, हे सुताराला कागदाशिवाय कळतं. एकही नग असा नाही की जो एका माणसाला खांद्यावर टाकून पाऊलवाटेने नेता येणार नाही.

जमिनीतून दगडी पाया वर काढायचा. जोतं जमिनीच्या चांगलं वर ठेवायचं, म्हणजे लाकडाला ओल लागत नाही. जोत्यावर लाकडाची आडवी पट्टी घरभर फिरवायची, कोपऱ्यात खाचा करून एकमेकींत अडकवायची. तिच्यात खांबांची कुसवं बसवायची, वर पुन्हा तशीच पट्टी. मग खांबांमधली प्रत्येक चौकट तिरप्या तुकड्यांनी लहान लहान त्रिकोणांत वाटायची. त्रिकोण मोठा ठेवला की आतले दगड एका धक्क्यात बाहेर येतात, म्हणून तो लहानच हवा. त्यात मुठीएवढे, फार तर नारळाएवढे दगड चिखलात बसवायचे. भरण धरून राहावी म्हणून कडेने खिळे किंवा तार, आणि वरून मातीचा गिलावा. चौकटीला सुतार लागतो. भरण घरातली माणसं मिळून करतात, जसा वेळ मिळेल तसं.

धक्का बसला की काय होतं? जाड दगडी भिंतीला तडा जायला दोन-चारच जागा असतात, आणि त्यातून गेला की भिंतच जाते. धज्जीत चिखल आधी फुटतो, आणि एकाच वेळी शेकडो ठिकाणी फुटतो. दगड लाकडाशी आणि एकमेकांशी घासतात, त्या घासण्यात धक्क्याचा जोर खर्च होतो. चौकट दगडांना सोडत नाही, दगड चौकटीला दुमडू देत नाहीत. भिंतही हलकी, त्यामुळे मुळात तिच्यावर येणारा जोरच कमी. सकाळी घरमालकाने फुटलेले खण उकरायचे, तोच दगड, तोच चिखल पुन्हा भरायचा. अख्खी भिंत उतरवायची गरज नाही.

ठरलेल्या मापाच्या सुट्या भागांचं असं बांधकाम म्हणजे 'मॉड्यूलर'. पण हा शब्द काढला की परिषदांमध्ये पडद्यावर कारखान्यात बनलेला चकचकीत डबा येतो, हेलिकॉप्टरखाली लोंबकळणारा. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण तो डबा पाचव्या वर्षी गळायला लागला की त्याचा सुटा भाग कुठून आणायचा, हे त्या पडद्यावर कधी दिसत नाही.

कागद बदलला

इथून पुढची गोष्ट लाकडाची कमी आणि फायलींची जास्त आहे. गावोगाव फिरणाऱ्या युएन-हॅबिटॅटच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या घरं-वसाहतींचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या, तांत्रिक गटाच्या लक्षात आलं की, मंजूर नसलेली घरं वाढताहेत आणि ती बरी बांधलेली आहेत. त्या गटातल्या वास्तुरचनाकार मॅगी स्टीफनसन यांनी धज्जीची बाजू लावून धरली. नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंचं नुकसान पाहिलेले अमेरिकन तज्ज्ञ रँडॉल्फ लँगेनबाख यांनीही तेच सांगितलं. समोरून येणारा आक्षेप माझ्या ओळखीचा आहे, मीही तो घेतला असता: याचं गणित कुठाय? दगड आणि चिखल किती जोर घेतात, कुठल्या संहितेत लिहिलंय?

(आपल्याकडच्या भारतीय मानक 4326 मध्ये विटा भरलेल्या लाकडी चौकटीच्या बांधकामाला जागा आहे. शिकताना आम्ही ते पान उलटून पुढे गेलो होतो. परीक्षेला येत नव्हतं.)

2006 च्या अखेरीस एराने धज्जीला मान्यता दिली. पुढच्या वर्षी भतारलाही मिळाली. भतार म्हणजे दगडी भिंतीत ठरावीक उंचीवर शिडीसारखे लाकडी पट्टे आडवे घालणं. दगड जास्त आणि लाकूड कमी अशा भागांना ती सोयीची.

मान्यता म्हणजे नुसता शिक्का नव्हता. तपासणीसाला आता काय पाहायचं ते नव्याने ठरवावं लागलं: जोतं किती वर, खालची पट्टी कोपऱ्यात अडकवली का, खांब पट्टीला नीट धरला का, तिरप्या पट्ट्या दोन्ही दिशांना आहेत का, छप्पर भिंतीला बांधलंय का. ब्लॉकच्या घरात काँक्रीट ओतून झालं की आतली सळई दिसत नाही, तपासणीसाला विश्वास ठेवावा लागतो. धज्जीत भरण करायच्या आधी बोलावलं की सगळा सांगाडा उघडा असतो, खिळे मोजता येतात. आता मागे वळून पाहिलं की मला वाटतं, तपासणीसाठी याहून सोयीचं बांधकाम शोधून सापडलं नसतं.

गणित नंतर आलं. पेशावरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात पूर्ण आकाराच्या भिंती बांधून त्या मागेपुढे ढकलून पाहिल्या. भिंती भरपूर वाकल्या, पण कोसळल्या नाहीत. निर्णायक ठरले ते सांधे, खांब आणि खालची पट्टी यांची पकड. अरुप या कंपनीच्या अभियंत्यांनी संगणकावर अशा घराची प्रतिकृती हलवून पाहिली. तोवर डोंगरात हजारो कुटुंबं त्या घरांत राहायला गेली होती.

जे जमलं नाही

हे वाचून कुणी धज्जीच्या प्रेमात पडू नये म्हणून थोडं विरुद्ध बाजूचं. चार इंचांची भिंत थंडीला पुरत नाही. जुन्या तीन फुटी भिंतीची ऊब तिला नाही, आणि ती ऊब सरपणाने भरून काढावी लागते. लाकूड जुन्या घरातून आलं तोवर ठीक, नवं तोडावं लागलं की उतारावरचं जंगल जातं, आणि मग दरड येते. जोतं ठेंगणं राहिलं की खालची पट्टी कुजते, आणि सांधे तर तिच्यावरच उभे असतात. घाईत बांधलेल्या घरांत त्रिकोण मोठे राहतात, खिळे कमी पडतात. बाहेरून पाहिलं तर चांगलं घर आणि कमकुवत घर सारखंच दिसतं, दोन्हींवर तोच मातीचा गिलावा.

आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहेच. धज्जी म्हणजे कच्चं, गरिबाचं. आखातातून पैसे आले की शेजारी काँक्रीटची खोली उठते. यात हसण्यासारखं काही नाही, आपल्या गावांत वेगळं काय होतं?

बालाकोटचं मात्र वेगळंच झालं. गावाखालूनच भूकंपाची भेग जाते म्हणून सरकारने जुन्या गावाचा मोठा भाग धोक्याचा ठरवला आणि काही मैलांवर बकरियाल इथे नवं शहर वसवायचं जाहीर केलं. वर्षांमागून वर्षं गेली, नवं बालाकोट काही उभं राहिलं नाही. लोक जुन्याच जागी जमेल तसं बांधत राहिले. डोंगरात ज्यांच्या हाती तुळया आणि हप्ता आला, ते तोवर कधीच घरात राहायला गेले होते.

मामांचा गोठा

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून दमून झोपलेले. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या आजोळचं घर माळवदाचं होतं: अडीच-तीन फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात थंडगार. ही भिंत बाहेरून एक दिसते, पण असते दोन, आतली एक आणि बाहेरची एक, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्हींना धरणारा आरपार दगड घालायची पद्धत सुटलेली होती. हादरा बसला की दोन्ही फाटून दोन बाजूंना पडतात.

आजोळच्या तीन भिंती पडल्या. आतले लाकडी खांब आणि त्यांच्यावरच्या तुळया मात्र उभ्या राहिल्या, आणि त्या खणाखाली झोपलेले मामा-मामी वाचले. त्या भागात अशी घरं बरीच होती, ढिगाऱ्यात उभा लाकडी सांगाडा. पण त्याकडे पाहायला कुणाचं मन धजत नव्हतं. 'दगड नको, लाकूड नको, माती नको,' असं सगळेच म्हणत होते. त्यांना दोष कसा द्यायचा? आईबाप त्या दगडांखालून काढलेले. 52 गावं नव्या जागी गेली, रुंद रस्ते, रांगेतली घरं. जी गावं हलली नाहीत तिथल्या घरांना बळकटी द्यायची योजनाही होती: जाड भिंतीला आरपार भोक पाडून, वाकवलेली सळई ठेवून, काँक्रीट भरायचं, म्हणजे सुटलेला आरपार दगड नव्याने घालायचा. ते काम केलेली अहमदाबादची एक संस्था 2005 नंतर आपल्या बाजूच्या काश्मीरमध्ये गेली, आणि तिने तयार केलेली तिथल्या घरांच्या दुरुस्तीची पुस्तिका 2007 मध्ये युनेस्कोने काढली. मराठवाड्याच्या दगडी भिंतीतलं भोक असं उरीपर्यंत पोहोचलं. आजोळी मात्र ते कुणी पाडलं नाही, कारण भिंतीच उरल्या नव्हत्या.

श्रीनगरहून परतल्यावर मी मामांना धज्जीच्या भिंतीचे फोटो दाखवले. मोबाइल डोळ्यांशी नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिले.

"हे सरकारनं पास केलं?"

"केलं. आधी नव्हतं केलं, नंतर केलं."

"आणि हप्ता दिला?"

"दिला."

मामा काही बोलले नाहीत. उठून नव्या घरामागच्या गोठ्यात घेऊन गेले. पत्र्याच्या छपराखाली चार सागवानी खांब, आजोळच्या माळवदाचे, तेलकट आणि काळे पडलेले. एकाला म्हैस बांधली होती. खांबाच्या वरच्या टोकाला तुळई बसवायची जुनी खाच अजून तशीच होती. त्या खाचेत मामांनी धार काढायच्या बादलीचं फडकं खोचून ठेवलं होतं.